बुटक्या भाताची कापणी

जावा बेटावरच्या त्या गावात भात कापायच्या बायका, आणि तेही विळ्याने नव्हे. लाकडाच्या चिपेत बसवलेली बोटभर पाती मुठीत लपवायची आणि एकेक लोंबी खुडायची. भाताची देवी श्री हिला लोखंड दिसू नये, ती घाबरते, असं सगळ्या मानत. बोलावणं लागत नसे. पीक पिकलं की गावातली कुठलीही बाई शेतात शिरे आणि संध्याकाळी मालकाच्या अंगणातून आपला वाटा डोक्यावर घेऊन जाई. नवरा गेल्यापासून तुकिनाची चूल त्याच वाट्यावर पेटत होती.

मग शेती कचेरीने नवं बियाणं दिलं. भरघोस, लवकर येणारं, पण गुडघ्याएवढं. कचेरीवाल्यांनी उत्पन्नाचा हिशोब केला. कापणाऱ्या बायका त्यांच्या ध्यानातही नव्हत्या. पहिल्या हंगामात सगळ्या वाकून वाकून लोंब्या खुडत राहिल्या. कंबरा गेल्या, दाणे चिखलात झडले.

मालक पाक जोयो वैतागला. "पुढच्या खेपेला उभं पीक व्यापाऱ्याला विकतो. त्याची माणसं विळे घेऊन येतात नि दिवसात रान मोकळं करतात."

"आणि आम्ही काय बांधावर बसून बघायचं?" तुकिना म्हणाली.

"मग घ्या विळे!"

विहिरीवर खडाजंगी झाली. सगळ्यांत थोरली म्बाह रेजो, म्हणजे रेजो आजी, कडाडली, "देवी रुसेल. कणगी रिकामी पडेल!"

"म्बाह, ती आत्ताच रिकामी आहे," तुकिना म्हणाली. " आणि हे भात देवीचं कुठलं? कचेरीतून आलं, खताच्या पोत्यांबरोबर. देवी त्याला ओळखते तरी का?"

"तुझी जीभच विळा आहे गं!"

"बरं झालं, लोहाराकडे एक खेप वाचली."

बायका हसल्या, आणि हसता हसता तयार झाल्या. पुढच्या हंगामात तुकिनाने पाक जोयोकडून विळ्याने कापायला एक शेत मागून घेतलं. अंधार पडायच्या आत ते कापून झालं. पाक जोयोने व्यापाऱ्याला नकार कळवला, पण म्हणाला, "विळा असल्यावर एवढ्या जणी कशाला? दहा पुरेत. कोण ते तूच ठरव."

तुकिनाने दहा नावं सांगितली. पहिलं स्वतःचं. म्बाह रेजोचं घेतलं नाही. म्हातारीला विळा झेपत नव्हता.

म्बाहने भांडण केलं नाही. ती लेकीकडे शहरात निघून गेली. तुकिनाने तिला बसपर्यंत सोडलं, तिचं गाठोडं स्वतः टपावर चढवलं. परतताना गावच्या बायका भेटल्या. "गेली का म्हातारी?"

"गेली," तुकिना म्हणाली, आणि शेताकडे वळली. उरलेलं रान अजून कापायचं होतं.