दुसरा बार

“दोन बोल्या बोलणाऱ्याले कोणी मारत नाई, त्याची दोघायलेबी गरज असते.”

लालसू हे एकदा नागपूरच्या वसतिगृहात म्हणाला होता. कोणीतरी विचारलं होतं, तुम्हा जंगलातल्या लोकांना पोलिसांची, नाकेदाराची भीती नाही वाटत का. तो हसत म्हणाला आणि ऐकणारेही हसले. पण त्या वाक्याच्या मुळाशी सागाचं एक झाड होतं आणि त्या झाडाला बांधलेला त्याचा काका होता.

भामरागडच्या वाटेवर इरपटोला म्हणून मोजक्या घरांचं माडिया लोकांचं गाव. लालसूचे आईबाप देवीच्या साथीत गेले आणि सुकलूकाकानं त्याला आपल्या आगटीजवळ निजवलं. काकी सुकरी, तिला पोटचं मूल नव्हतं. लालसू अजून लंगोटीत फिरत होता तेव्हा सुकलूनं घराच्या आढ्यासाठी एक साग पाडला. जंगलखात्याचा नाकेदार आला. त्यानं सुकलूला त्याच्याच धोतरानं शेजारच्या सागाला बांधलं आणि ओल्या बांबूच्या फोकानं सोलायला सुरुवात केली. सोलणं हाच शब्द. कारण प्रत्येक फटक्याबरोबर फोकाला काहीतरी चिकटून येत होतं. सुकलू रडला नाही. तो माडियात शिव्या देत होता. नाकेदाराची आई, त्या आईचं गाव, त्या गावातली कुत्री, काही म्हणता काही त्यानं सोडलं नाही.

नाकेदार दमून थांबला. त्याला माडिया येत नव्हती. आठवडी बाजारात मीठवाल्यांच्या मागेपुढे फिरून मराठी शिकलेला हा पोरगा त्याला दिसला. “काय म्हणते बे हा?”

“माफी मागते,” लालसू म्हणाला. “पाया पडतो म्हणते.”

नाकेदारानं फोक टाकून दिला. सुकलूला मराठी एवढं कळत होतं. त्यानं पुतण्याकडे पाहिलं आणि रक्तानं भरलेल्या तोंडानं तो हसला.

त्या दिवसापासून लालसू गावाचं तोंड झाला. पटवारी आला, बांबूचा ठेकेदार आला, देवी टोचणारा आला, की आधी लालसूला हाक. अहेरीच्या मास्तरानं त्याला शाळेत नेलं. तिथून चांदा, चांद्याहून सरकारी शिष्यवृत्तीवर नागपूर. चांद्याच्या शाळेत पोरांनी त्याचं डोकं रांजणात बुडवून धरलं होतं, जंगली माणूस किती वेळ दम धरतो ते पाहायला. त्यानं दम धरला. हे तो कोणाला सांगत नसे.

सत्तावन्न साली तो बी.एस्सी.च्या वर्गात होता, वनस्पतिशास्त्र घेऊन. तिथे त्याला एक खूळ लागलं. वर्गात झाडाला लॅटिन नाव होतं. देठ, पान, फूल, बी यांचा हिशेब होता. त्याच झाडाच्या माडिया नावात मात्र ते कोणत्या कुळाचं, कोणी तोडायचं नाही, कोणत्या फुलानंतर फुलतं, हे सगळं दडलेलं होतं. त्याला दोन्ही शिकायचं होतं, झाडही आणि झाडाचं नावही. तो कॉलेजात विचारायला गेला. उत्तर मिळालं, “भाषा हा कलाशाखेचा विषय. विज्ञान की कला, काय ते एक ठरव.”

त्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका शिकार कंपनीनं त्याला दुभाष्या म्हणून घेतलं. मालक बापूसाहेब गोरे पाहुणे आणून त्यांना वाघ मारून द्यायचे. या खेपेचा पाहुणा अमेरिकेतला प्राणिशास्त्राचा प्राध्यापक होता, लॉकवुड. उंच, वाकलेला, पाणी उकळून पिणारा माणूस. डाकबंगल्याच्या व्हरांड्यात संध्याकाळी लालसूनं त्याला आपलं खूळ सांगितलं. लॉकवुडनं पाईप तोंडातून काढला.

“आमच्याकडे ये,” तो इंग्रजीत म्हणाला. “आमच्या विद्यापीठात कला आणि विज्ञान एकाच छपराखाली आहे. एकाच पदवीत झाडंही घे, भाषाही घे. कोणी अडवणार नाही.”

मग रोज संध्याकाळी बेत चालला. नागपुरातलं वनस्पतिशास्त्र तिकडे धरलं जाईल. रसायनाचा राहिलेला पेपर जाण्याआधी द्यायचा. इंग्रजी निबंधाचा सराव आत्तापासून. भाषाशास्त्र तिकडे मुळापासून. ऑगस्टात मुंबईहून बोट. फीचं लॉकवुड पाहणार होता, राहायला त्याच्या घराचा माळा होता. लालसूनं विचारलं, तिथे साग असतो का. “नाही. बर्फ असतो,” लॉकवुड म्हणाला आणि दोघं हसले.

गावी येऊन लालसूनं हे सांगितलं तेव्हा सुकलू कुऱ्हाडीला दांडा बसवत होता.

“किती दूर हाय गा?”

“समुद्राच्या पल्याड.”

“इंद्रावतीएवढा असंल?”

“काका, इंद्रावती त्यात पडली तर कोणाले समजणार बी नाई.”

“पुरात वाट बंद होते का तिथी?”

“तिथी बर्फानं होते.”

“म्हणजे आपल्यासारखंच,” सुकलू म्हणाला. त्याचं समाधान झालं.

सुकरी मोहफुलं वाळवत होती. “तिथल्या बायका कशा हायेत? एखादी घेऊन येशीन तर तिले मोहा वेचता आला पायजे. मी नाई शिकवणार.”

“अन् आमचं तोंड कोण होईल, तू गेल्यावर?” सुकलूनं दांडा ठोकता ठोकता विचारलं. मग त्यानं दांडा हलवून पाहिला. “असो. तुह्या साहेबाले वाघ देऊ आमी. वाघ भेटला का तो खूश. खूश झाला का तुले घेऊन जाईल.” आणि संबंध गाव हाक्याला निघालं, ते लालसूच्या अमेरिकेसाठी.

हाक्याची रीत अशी. माणसांची रांग आरडाओरडा करत जनावराला मचाणाकडे रेटते. दोन्ही बाजूंना झाडांवर अडवायला रोके बसवलेले असतात; सुकलू त्यातला एक. वाघ बाजूला वळू लागला की ते बुंध्यावर कुऱ्हाडीचा दांडा वाजवतात आणि तो पुन्हा सरळ होतो. कंपनीचा नियम होता की बापूसाहेबांची शिट्टी झाल्याशिवाय कोणी झाडावरून उतरायचं नाही. लालसूनं तो सगळ्यांना माडियात सांगितला. सगळ्यांनी माना डोलावल्या. सुकलूनं मात्र तंबाखू दाढेत सरकवली.

“शिट्टी तर पोट्टेबी वाजवते. बार खोटं नाई बोलत.”

गावात बंदूक एकच, भरमार. एकदा उडाली की पुन्हा दारू ओतायची, चिंधी ठासायची, गोळी ठासायची. पळत्या जनावरावर दुसरा बार काढायला वेळच नसे. दुसरा बार व्हायचा तो पडलेल्या जनावराजवळ जाऊन, कानात. म्हणून पहिला बार झाला की बसून राहायचं, दुसरा झाला की उतरायचं. बापाचा बाप असाच उतरला होता. लालसूला हे ठाऊक होतं. तो थांबला, म्हणाला, “तरीबी शिट्टीचं ध्यानात ठेवजो, काका,” आणि घाईनं निघाला. मचाणावर लॉकवुड आणि बापूसाहेब वाट पाहत होते.

उन्हं कलायच्या आधी वाघ आला. बांबूच्या बेटातून तो असा बाहेर आला, जसा कोणी आपल्याच घरातून अंगणात यावा. लॉकवुडनं बार काढला. गोळी पोटात बसली. वाघानं स्वतःच्या कुशीला चावा घेतला, गरगर फिरला आणि बांबूत शिरला. मग बराच वेळ काही नाही. रांगेतले लोकही गप्प झाले होते. मग बांबू हलला. जखमी जनावर आल्या वाटेनं, माणसांच्या बाजूला परत चाललं होतं.

“नको!” बापूसाहेब इंग्रजीत कुजबुजले. “माणसं आहेत तिकडे.”

लॉकवुडनं दुसरा बार काढला.

तो आवाज जंगलात विरतो न विरतो तोच लालसूच्या डोळ्यांपुढे सुकलूचे पाय आले, भेगाळलेले, बुंध्यावरून घसरत खाली येणारे. उतरू नको, असं माडियात ओरडायला त्यानं तोंड उघडलं. बापूसाहेबांचा तंबाखूच्या वासाचा पंजा त्या तोंडावर बसला. “गप! अंगावर घेतोस का?” लालसू त्या पंजाला चावला. दात हाडाला लागले. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, वाघाचा आणि माणसाचा, आणि त्यात वाघाचा कोणता नि माणसाचा कोणता हे ओळखता येत नव्हतं.

ते पोचले तेव्हा वाघ सुकलूवर होता आणि खात नव्हता. जखमेचा सूड घेत होता. लॉकवुडनं जवळून तिसरा बार काढला आणि वाघ सुकलूवरच कोसळला. चौघांनी ओढून तो बाजूला केला. सुकलूच्या डोक्याची कातडी केसांसकट मानेवर लोटली होती, पळसाच्या मुळीची साल लोटावी तशी. एक हात खांद्यापाशी कसाबसा टिकून होता. डोळा मात्र एक शाबूत होता आणि तो लालसूला ओळखत होता.

“दुसरा बार...” तो म्हणाला. तोंडात पुन्हा रक्त होतं. “झाला व्हता ना गा?”

“झाला व्हता, काका.”

सुकलूला तेवढंच हवं होतं. आपण चुकलो नाही हे कळून तो मेला.

वाघानं मारलेला माणूस गावात आणत नाहीत. त्याला पडल्या जागी जाळतात, वर दगड रचतात आणि जाणारायेणारा त्यात आपला दगड टाकतो. ठाणेदार येईपर्यंत प्रेत राहू द्या म्हणून बापूसाहेब ओरडत राहिले. कोणी ऐकलं नाही. ज्या झाडावरून तो उतरला तेच पाडून त्याच्यावर रचलं.

इकडे डाकबंगल्यासमोर वाघाची लांबी मोजणं चाललं होतं. सुकरी मुसळ घेऊन आली. कोणाला कळायच्या आत तिनं वाघाच्या तोंडावर घाव घातला. सुळा तुटून उडाला. दुसऱ्या घावात जबडा फुटला. “कातडं! अरे, डोकं खराब होतंय!” म्हणत बापूसाहेबांनी तिला केसांना धरून मागे ओढलं. लालसू मध्ये पडला. तिसरा घाव त्याच्या कानावर बसला.

“तूच आणला तो बार!” सुकरी म्हणाली. “वाघ मागाले तूच आला व्हता. घे तुहा वाघ. जा समुद्राच्या पल्याड!”

कानातून रक्त मानेवर उतरत होतं. त्यानं ते पुसलं नाही. दोन बोल्या बोलणाऱ्याला मारणारी पहिली त्याच्या घरचीच निघाली.

दुसरे बापूसाहेब. सकाळी ठाणेदार यायच्या आधी, चिंधी बांधलेल्या हातानं त्यांनी त्याच कानावर थप्पड लावली. “चावतोस? कंपनी बुडवशील माझी!” लॉकवुड मध्ये आला. त्यानं हातातला कप खाली ठेवला.

“मी तुला खोटं बोलायला सांगत नाही,” तो म्हणाला. “तो शिट्टीआधी उतरला. हे खरं आहे ना? तेवढंच सांग. पुढे माझी चौकशी झाली, तर मी तुझ्यासाठी तिकडे काही करू शकणार नाही. तुला समजतंय.”

लालसूला समजत होतं. काका शिट्टीआधी उतरला हे खरंच होतं. लहानपणी तो खोटं बोलला आणि काका वाचला. आज नुसतं अर्धं खरं बोलायचं होतं आणि काका तर मेलेलाच होता. ऑगस्ट तसाच उभा होता, बोटीसकट.

ठाणेदार खुर्चीत बसला. शिपाई कागद घेऊन खाली. सुकरीला उभं केलं. मचाणावर काय झालं ते लालसूनं रात्रीच गावाला सांगितलं होतं. ती बोलू लागली, माडियात, सलग, भिंतीकडे पाहत. बोलून झाल्यावर ठाणेदारानं जांभई आवरली.

“काय म्हणून राह्यली हे?”

सगळ्यांनी लालसूकडे पाहिलं. फुटका कान ठणकत होता.

“ते म्हणते,” लालसू बोलला, “माहा माणूस दुसऱ्या बाराले उतरला. दुसरा बार म्हणजे जनावर मेलं. आमची रीत हाय, ते आमी सोडली नाई. ज्याच्या डोयापुढं वाघ जित्ता चालला व्हता, त्यानं माणसायच्या अंगावर बार काढला. ते म्हणते, त्यानं माह्या माणसाले मारलं, वाघानं नाई. अन् ज्यानं ओरडणाऱ्याचं तोंड दाबलं, त्याच्या तोंडात किडे पडोत.” मग सुकरीनं दिलेली शिवीही त्यानं सांगितली, आईसकट, गावासकट, कुत्र्यांसकट. सुकलूचीच शिवी होती ती. त्या सागाच्या झाडाखाली लालसूनं ती गिळली होती. आज पुरी बाहेर काढली.

शिपाई फिसकन हसला. लॉकवुडनं विचारलं, काय म्हणालास. लालसूनं तेच इंग्रजीत सांगितलं. लॉकवुड पाईप चाचपत खाली बसला.

ठाणेदारानं बापूसाहेबांकडे पाहिलं. बापूसाहेब खिडकीबाहेर पाहू लागले. ठाणेदारानं बिडी पेटवली, दोन झुरके घेतले आणि शिपायाला सांगू लागला, “लिव्ह. मयत इसम इशारा होण्यापूर्वी, स्वतःच्या चुकीने, झाडावरून खाली उतरला. सबब वाघाने ठार केले. कोणाविरुद्ध तक्रार नाही.” शिपायानं लिहिलं. मग ठाणेदार लालसूला म्हणाला, “हे बाईले समजावून दे बावा, आन् अंगठा घे तिचा. मले अजून उन्हात वापस जायचं हाय.”

लॉकवुड उठून जवळ आला. त्यानं लालसूच्या खांद्यावर हात ठेवला.

“तू दुःखात बोललास. माझ्या मनात काही नाही,” तो म्हणाला. “जागा तुझीच आहे. ऑगस्ट.”

शिपायानं शाईची डबी उघडून पुढे सरकवली. सुकरीनं डबीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, मग लालसूकडे.

“काय लिवलं गा?” तिनं माडियात विचारलं.

“सांग ना तिले,” ठाणेदार म्हणाला.

लालसूनं शाईची डबी मिटली. सुकरीचा उजवा हात घेतला आणि तिचा अंगठा आपल्या मुठीत घट्ट आवळला. मागून ठाणेदार ओरडला, बापूसाहेब ओरडले, लॉकवुडनं नावानं हाक मारली. व्हरांड्यात वाघाचं कातडं मीठ चोळून खुंट्यांवर ताणलं होतं आणि त्याच्या फुटक्या जबड्यावर माशा बसल्या होत्या. त्या कातड्याला वळसा घालून, काकीचा अंगठा मुठीतून न सोडता, लालसू पायऱ्या उतरून चालू लागला.