दातातली कीड

मुलांच्या दातांच्या दवाखान्यात मदतनीस मावशीचं खरं काम एकच होतं, बंद तोंडं उघडून घेणं. रडणारी, लाथा झाडणारी, हाताला चावणारी, सगळी पोरं तिच्या बोलण्याला भुलायची. आज खुर्चीतली चिमुरडी मात्र रडतही नव्हती, नुसती ओठ घट्ट मिटून बसली होती. दाढ ठणकत होती आणि ती आजच साफ व्हायला हवी होती.

“आ कर गं राणी. कीड काढली की दुखायचं थांबेल,” मावशी नेहमीसारखं म्हणाली.

मुलगी हाताआडून पुटपुटली, “तोंड उघडलं की ती घशात पळेल.”

“अगं, कीड म्हणजे खरा किडा नसतो.”

“मग काढणार काय?”

मावशी गोंधळली. इतकी वर्षं हाच शब्द तोंडात होता, पण नेमकं काय काढतात ते तिलाच सांगता येईना.

“मावशी, आज तुमची दांडी गुल,” डॉक्टर हसले.

“मलाही नीट ठाऊक नाही बाई,” मावशीनं मुलीच्या हाती छोटा आरसा दिला. “चल, दोघी मिळून बघू.”

मुलीनं हळूच आ केलं. मावशी वाकली. दिव्याखाली दाढेवरचा काळा ठिपका क्षणभर हलल्यासारखा वाटला, आणि तिनं नकळत मुलीच्या घशाच्या वाटेवर बोट आडवं धरलं.