एकतीस तारीख नसलेला महिना

माझ्या वहिनीला घरात सगळे 'घंटाबाई' म्हणतात. हे नाव मीच ठेवलं. नणंदेचा तेवढा हक्क असतो. ती एका छोट्या कंपनीत प्रोग्रामर आहे आणि लिहिलेल्या प्रोग्रामची पहिली चाचणी आमच्यावर घेते. 'दर रविवारी पंखे पुसणे' असं तिनं एकदा माझ्या नावावर टाकलं, तेव्हापासून दर रविवारी सकाळी माझा फोन केकाटतो. पंखे मी अजून पुसलेले नाहीत, तो भाग वेगळा.

तिचं काम सांगायला सोपं आहे. दवाखान्यातल्या काउंटरवर एकदाच भरायचं: अमुक पेशंट, दर महिन्याला, या तारखेला. मग वहिनीचा प्रोग्राम वर्षभराच्या सगळ्या अपॉइंटमेंट एका दमात तयार करून डेटाबेसमध्ये ठेवतो, आणि प्रत्येकीच्या आदल्या दिवशी पेशंटला मेसेज जातो. आमच्या इथल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलनं हेच ॲप्लिकेशन घेतलं, तेव्हा सगळ्यात जास्त मिरवलं ते माझ्या बाबांनी.

बाबा करवतींना धार लावतात. कानशीनं एकेक दात घासायचा, एक डावीकडे झुकवून, एक उजवीकडे. त्यांचा एक डोळा पूर्वीच गेलेला. दुसऱ्याच्या पडद्याला सूज, म्हणून दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. त्यात खंड पडला तर हाही डोळा जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तो पहिला दिवस होता एकतीस तारीख.

पुढचा महिना तीस दिवसांचा. मेसेज आला नाही. दादानं विचारलंही, "बाबा, इंजेक्शन कधी आहे?"

"येईल की मेसेज," बाबा म्हणाले. "आपल्या सुनेचा प्रोग्राम आहे, तो कसा चुकेल?"

परक्या कुणाचा असता तर आम्ही हॉस्पिटलला फोन करून करून भंडावून सोडलं असतं. सुनेचा होता म्हणून सगळे निवांत, आणि सगळ्यात निवांत खुद्द वहिनी.

मग एका सुट्टीच्या दुपारी नेहमीचा सुतार तणतणत आला. त्याची नवीकोरी करवत बाबांनी वाकडी म्हणून धार न लावताच परत पाठवली होती. त्यानं ती आमच्या टेबलाच्या कडेला लावून दाखवली. "काका, बघा की! तसूभर वाक नाही."

बाबांनी आधी करवत बघितली, मग कड. "टेबलही वाकडं झालंय," ते हळूच म्हणाले.

वाक करवतीत नाही, बाबांच्या डोळ्यात आहे, हे वहिनीला तिथंच कळलं आणि तिनं त्यांच्या चपला पुढे ठेवल्या. हॉस्पिटलमध्ये लगेच इंजेक्शन दिलं, पण सूज वाढली होती. गेलेली नजर किती परत येईल, ते डॉक्टरीणबाईंना सांगता येईना. मला वहिनीचा भयंकर राग आला होता. तिचा चेहरा बघितल्यावर तो टिकला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसात डेटाबेस उघडला. ज्या महिन्यात ती तारीखच नाही, तो महिना सोडून द्यायचा, असा नियम होता. प्रोग्रामनं निमूटपणे सोडला होता.

"नियम बरोबर आहे," तिचे साहेब म्हणाले. "बरीच कॅलेंडरं असंच करतात. पुढच्या सुधारणेत बघू."

"नियम बरोबर असेल, साहेब. पण अशीच आणखी माणसं मेसेजची वाट बघत बसली असतील. मी आज तेवढंच करणार. बाकीचं काम कुणाला द्यायचं ते द्या."

तशी सगळी नावं काढून ती हॉस्पिटलच्या काउंटरवर जाऊन बसली आणि एकेकाला स्वतः फोन लावला. "प्रोग्राम मी लिहिलाय, चूक माझी आहे, उद्याच या." काही जण तिला वाट्टेल ते बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि पुढचा नंबर फिरवला. मग प्रोग्राम बदलला. आता पुढची अपॉइंटमेंट तारखेवरून ठरत नाही, झालेल्या इंजेक्शनपासून चार आठवडे मोजून ठरते; आणि ज्याची पुढची अपॉइंटमेंट नाही, ते नाव काउंटरच्या स्क्रीनवर लाल होतं.

सुताराला दुसरी करवत घेऊन देऊन ती करवत तिनं ठेवून घेतली. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी ती बाबांसमोर धरायची. "कशी दिसते?"

"वाकडी."

आणखी दोन इंजेक्शनं झाली. एका सकाळी बाबा म्हणाले, "सरळ!" दादानं टाळ्या पिटल्या, मला तर रडूच फुटलं. वहिनी मात्र हसली नाही. प्रोग्राम खरंच चालतो का हे बघायला ही प्रोग्रामर मंडळी त्याला मुद्दाम चुकीची माहिती देतात. त्या सकाळी तिनं सुताराच्या भंगारातली करवत आणून धरली होती.

"बाबा, ही खरोखरच वाकडी आहे."

बाबांनी करवत तिच्या हातातून घेऊन खाली ठेवली. मग म्हणाले, "तू किती दिवस अशी सुकत जाणार, पोरी? म्हटलं, सरळ म्हणून टाकावं."

वहिनीचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. "माझ्यासाठी खोटं बोलू नका. खरं कळलं तरच मला पुढचं काही करता येईल."

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा ती चांगली करवत धरली. बाबांनी मान तिरकी करून बराच वेळ बघितली. "मधे वाकडीच आहे," ते म्हणाले. "पण टोकाकडे सरळ दिसते."

"नक्की?"

"नक्की. आण ती कानस इकडे. टोकाकडून सुरुवात करतो."