हरिहरपंतांचे तीन रुपये

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते आणि श्याममास्तरांना चकलीची आठवण येत होती, एवढाच त्यांचा अपराध. त्यांना आपल्या घरी बसवून हरिहरपंत दूध आणायला आळीच्या तोंडाशी गेले होते. बायको नसलेल्या घरी शेजारच्या बायका फराळ पाठवतात तो हाती लागेल त्या खोक्यातून, हे मास्तरांना अनुभवाने ठाऊक होते. त्यांच्याही घरी तो तसाच येई. म्हणून आतल्या काळोख्या खोलीतले पुठ्ठ्याचे खोके त्यांनी कंदिलाजवळ आणून उघडले. आत काळा कागद. एवढा बंदोबस्त आहे त्या अर्थी चिरोटेच असणार, अशा हिशेबाने तोही उलगडला, तर आत काचा. तीन. मास्तर चाळिशीचे गृहस्थ, शाळेत भूमिती शिकवीत. पण त्या वेळी त्यांनी अगदी पोरासारखे केले. काचा होत्या तशा गुंडाळल्या, खोके होते तिथे ठेवले आणि बुद्धिबळाचा पट मांडून साळसूदपणे बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गेले, तेव्हा हरिहरपंत तीन काळ्याकुट्ट काचा उजेडाला धरून उभे होते. फोटो घेतलेल्या, पण अजून धुवायच्या राहिलेल्या काचांना उजेड लागला की त्यांचे असे होते, हे मास्तरांना आज प्रथमच कळत होते.

"औषध बिघडलेलं दिसतंय," हरिहरपंत म्हणाले आणि मुंबईहून बोटीने आलेली अख्खी बाटली त्यांनी मोरीत ओतली.

मास्तरांनी पुढे होऊन पट मांडायला घेतला. गेली पाच वर्षे, म्हणजे एकोणीसशे सव्वीसपासून, ते याच पटावर बसून एकच थट्टा करीत आले होते. "एका कागदाचे तीन रुपये! अहो, ऊन देवाचं, तोंड गिऱ्हाइकाचं, तुमचं त्यात काय?" हरिहरपंत यावर घोडा अडीच घरे पुढे सरकवीत. आता खोके उघडल्याचे सांगितले तर हा माणूस आपल्याला पुन्हा उंबऱ्यात उभा करील का? आणि नाही केला, तर संध्याकाळी जायचे कुठे? मास्तरांना रत्नागिरीत जाऊन बसायला दुसरे घर नव्हते.

हरिहरपंतांना तर कुठलेच नव्हते. इन्फ्लुएन्झाच्या साथीत बायको गेली. मग फोटोला उजेड मिळावा म्हणून राहत्या घराची उत्तरेकडची कौले काढून त्यांनी काचा बसवल्या आणि देवघरालगतच्या खोलीला काळे पडदे लावले. पावसाळ्यात चार महिने बोट बंद, उजेड बंद, गिऱ्हाईक बंद. तेव्हा ते कोऱ्या काचांच्या खोक्यांना बुरशी येऊ नये म्हणून डब्यांतली ओल शोषणारी चुनकळी बदलत बसत. गावातली निम्मी माणसे त्यांच्यासमोर खुर्चीत बसून गेली होती, पण बोलून एकही नाही. बोलले की फोटो हलतो. हनुवटी वर, खांदा खाली, आता हलू नका. दिवसभरात त्यांच्या तोंडून निघे ते एवढेच.

काळ्या पडलेल्या तीन काचांपैकी एक वकिलांची, एक नव्या जोडप्याची. "चूक माझी," म्हणून दोघांचे फोटो त्यांनी फुकट पुन्हा काढले. वकील मात्र वर म्हणाले, "काय पंत, तीन रुपये घेऊन ही तऱ्हा?" मास्तर खिडकीतून बाहेर पाहत राहिले.

तिसरी काच गंगाची. पालीच्या पलीकडच्या वाडीतली ही म्हातारी गवताच्या गाडीत बसून आली होती. मुलगा बाबल्या मुंबईला गिरणीत; चार वर्षांत आला नव्हता. 'आयेचा फोटू पाठवा' म्हणून त्याने पैसे धाडले होते. वाडीतला रावजी शनिवारच्या बोटीने परत मुंबईला जाणार होता, फोटो त्याच्याबरोबर जायचा होता. गंगाला पुन्हा गाडी मिळायची नाही. तेव्हा बुधवारी पहाटे हरिहरपंतांनीच गाडी ठरवली.

"मास्तर, शाळेला सुट्टी आहे ना? चला कॅमेऱ्याची तिकाटी धरायला."

गंगा अंगण शेणाने सारवीत होती. "परवा काय बिगाडला वं? माजा त्वांड?"

"तुझं तोंड बरं आहे, गंगाबाय. माझं औषध वाईट होतं."

मास्तरांनी मान खाली घातली. पडवीत घोंगडी टांगून तिला बसवले. कॅमेरा पाहताच ती खांबासारखी ताठ झाली. पहिली काच डोळे मिटल्यामुळे गेली, दुसरी कोंबडा अंगावर आल्यामुळे. हरिहरपंतांनी काळे कापड बाजूला केले आणि पायरीवर बसून बाबल्याची चौकशी मांडली. लहानपणी काय खायचा, कुठल्या ओढ्यात बुडता बुडता वाचला. तासभर ती बोलत होती. मास्तर पांढरे धोतर ताणून तिच्या गालावर उजेड पाडीत उभे होते. हात भरून आले. शेवटी ती बोलायची थांबली आणि वाटेकडे बघत राहिली. तेवढ्यात हरिहरपंतांनी कॅमेऱ्याचे झाकण काढून लावलेसुद्धा.

"ह्याचा आनि काय द्यायचा?"

"दिलंस तू मघाच."

गुरुवारी काच धुतली. त्या संध्याकाळी पट मांडलाच नाही. हरिहरपंत भिंग लावून, टोकदार पेन्सिलीने काचेवर बारीक बारीक ठिपके देत होते. मास्तरांना वाटले, सुरकुत्या घालवताहेत. पण ते फक्त कपाळावर बसलेल्या माशीचा डाग भरीत होते. शुक्रवारी फोटो कागदावर छापून पुठ्ठ्याला चिकटवला.

शनिवारी सकाळी मांडवीच्या बंदरावर रावजीने फोटो धोतराच्या घडीत घालून ट्रंकेत ठेवला आणि बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात चढला. बोट भोंगा देऊन निघाली. धक्क्यावरची माणसे पांगली, हे दोघेच राहिले.

"पंत, ते औषध बिघडलं नव्हतं."

"हो."

"खोकं मी उघडलं होतं. चकल्या असतील म्हणून."

"माहीत आहे. माझ्या घरात दुसरं येतं कोण?"

"मग बाटली ओतलीत कशाला?"

"ओतल्यावर तुमच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडं बघण्याचाच माझा धंदा."

"मग तेव्हाच मला बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही यायचे बंद झाला असतात."