भाज्यांत उमटलेला विलास

आधीच सांगून टाकतो... भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की उठून चहा ठेवायला जाणारा माणूस मी. सौदीत खोलीवर कुणी ‘खरंच घडलंय रे’ म्हणून सुरुवात केली की मला हसू यायचं. माझा स्वभाव आजही फारसा बदललेला नाही. पण त्या एका दिवसाचं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही. म्हणून इथे लिहितोय.

२००५-०६ च्या आसपासचा उन्हाळा. रियाधमधल्या अल मलाझ या जुन्या भागात एका केटरिंग कंपनीचं मोठं किचन होतं, तिथे मी कोल्ड किचनला होतो. म्हणजे सॅलड, कापलेली फळं आणि समारंभांसाठी फळाभाज्यांचं कार्व्हिंग. कलिंगडाचा मोर, गाजराची फुलं वगैरे. किचनच्याच वर आम्हाला खोल्या होत्या. माझ्या खोलीत आम्ही तिघे. मी, बाणकोटचे इस्माईलचाचा – आमचे मुख्य आचारी – आणि माणगावचा विलास, कंपनीची डिलिव्हरी व्हॅन चालवणारा. विलास लुकडा, कान बाहेर आलेले, डावी भुवई लहानपणी पडल्यामुळे मधोमध तुटलेली. तीन वर्षं समोरासमोरच्या कॉटवर काढली होती आम्ही. त्याचा चेहरा मला पाठ होता, हे मी आधीच कबूल करतो. शंका घेणाऱ्यांना तेवढा मुद्दा देऊन ठेवतो.

त्या आठवड्यात एक वेगळी ऑर्डर आली. अबू नासिर नावाचे एक वयस्क सौदी गृहस्थ. तरुणपणी इटलीत शिकलेले, इंग्लिश उत्तम, आवाज कधी चढायचा नाही. मुलाच्या पदवीनिमित्त घरी जेवण होतं. ते एक जाडजूड चित्रांचं पुस्तक घेऊन किचनमध्येच आले आणि माझ्यासमोर उघडून ठेवलं.

मी पाहतच राहिलो. पुस्तकात माणसांचे चेहरे होते, पण माणूस कुठेच नव्हता! काकडीचं नाक, पीचचा गाल, सोललेल्या मटारच्या शेंगेचे दात, कणसाचा कान. लांबून बघावं तर हसणारा माणूस, जवळ जावं तर भाजीबाजार.

“कुठल्या आर्टिस्टचं आहे? नवीन आहे का कोणी?” मी विचारलं.

अबू नासिर हसले. “चारशे वर्षांहून जुनं आहे. राजाच्या दरबारात होता हा चित्रकार. बाकीचे राजाराण्यांची गुळगुळीत तोंडं रंगवत होते, तेव्हा हा असलं काहीतरी करत होता. त्याच्या डोक्यात हे कुठून आलं, कुणाला धड सांगता येत नाही.”

त्यांना यातला एक चेहरा खऱ्या भाज्यांचा करून हवा होता. एका बाजूने दिसणारा, तिरक्या फळीवर मांडलेला. मला तर हुरूपच आला. इस्माईलचाचांना मात्र ते आवडलं नाही. “मोर कर, मासा कर. मानसाचा तोंड कशाला करायचा?” ते म्हणाले. मी ते अबू नासिरना इंग्लिशमध्ये सांगितलं, तेव्हा ते आदराने म्हणाले, “चाचा, चेहरा नाहीच आहे हा. भाज्याच आहेत.” चाचा मान हलवत आपल्या पातेल्याकडे गेले.

जेवणाच्या दिवशी सकाळी नाश्त्याची गडबड संपल्यावर मी कामाला लागलो. विलास आदल्या दिवशी पहाटे चार-पाच तासांवरच्या हफ्र अल बातिनला गेला होता, तिथल्या एका कामगार-कॅम्पला माल पोचवायला. संध्याकाळी यायचा होता, तो आला नव्हता. पण तिकडे उशीर झाला की तो कधीकधी तिथेच झोपायचा. फोन लागत नव्हता, आणि तेही नेहमीचंच होतं. मी मनावर घेतलं नाही.

पुस्तक समोर उभं ठेवलं होतं. गुबगुबीत, हसरा चेहरा. मी टूथपिकने एकेक भाजी बसवत गेलो. नाक झालं, कपाळ झालं, गालाला चांगलं टपोरं पीच लावलं. काम करताना मी मागे जाऊन बघत नाही, सवय आहे माझी. सगळं झाल्यावरच बघतो.

इस्माईलचाचा भाताच्या पातेल्याकडून आले आणि माझ्यामागे थांबले. मी वळलो तर त्यांचा चेहरा उतरलेला.

“प्रकाश... हा कोन केलास तू?”

मी मागे सरकून पाहिलं. 

फळीवर विलास होता.

‘थोडासा विलाससारखा’ वगैरे नाही. बाहेर आलेला कान. लांब नाकाचं ते टोक. गव्हाच्या लोंबीची मी जी भुवई लावली होती, ती मधोमध तुटलेली. आणि गाल... पीच टपोरंच होतं, पण आत दबून बसलं होतं, त्यामुळे गाल खोल गेलेला दिसत होता. तोंड अर्धवट उघडं.

“रोज बघतो ना त्याला, म्हणून हात तसा गेला,” मी म्हणालो. चाचांना सांगत होतो की स्वतःला, कोण जाणे. मी सगळं उपसून काढलं. लोंबी बदलली, कानाला आखूड कणीस घेतलं, गालाला दोन पीच लावली. यावेळी दर भाजीमागे पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघत होतो. डोळ्याची चेरी उपसताना फुटली होती, म्हणून शेजारच्या क्रेटमध्ये हात घातला. त्यात लिंबं असायची. हाताला गोल फळं लागली, लिंबापेक्षा मोठी, हिरवी, त्यावर पिवळट पट्टे. लहान जातीची टरबुजं आली असतील असं वाटलं. एक डोळ्याला बसवलं, एक गालाच्या हाडाला, एक गळ्याच्या घाटीला.

मागे सरकून पाहिलं. पुन्हा विलासच. पण आता डोळा मिटलेला होता. त्या गोल फळाची फुगीर पापणी झाली होती. पहिल्या चेहऱ्यात निदान जीव होता. हा चेहरा बघून मला आमच्याकडे अंगणात उतरवून ठेवलेल्या मयताची आठवण झाली.

चाचांनी माझा दंड धरला. “हफ्रला फोन लाव. आत्ताच्या आत्ता.”

मॅनेजर ऑफिसात होता. मी आत घुसलो आणि सांगितलं, कॅम्पवर फोन करा. तो वैतागला. “अरे, येईल. दरवेळी असंच करतो तो. तुझी ऑर्डर झाली का?” मी हललो नाही. शेवटी त्याने चिडून नंबर फिरवला. पलीकडचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, पण मॅनेजरचा चेहरा बदलताना दिसला. फोन ठेवून तो म्हणाला, “काल दुपारी जेवून निघाला म्हणतात. गाडी रिकामी करून.”

म्हणजे आदल्या दुपारपासून, त्या उन्हात, तो कुठेतरी होता. मॅनेजरने लगेच रस्त्यावरच्या पोलिसांना फोन केला. हायवेवर अपघात नाही, बंद पडलेली गाडी नाही. सगळा रस्ता साफ.

तेवढ्यात अबू नासिर काम कसं झालंय ते बघायला आले. मला वाटलं, आता हे चिडणार, कारण पुस्तकातलं हे चित्रच नव्हतं. पण ते चेहरा बघतच नव्हते. ते सरळ फळीजवळ गेले आणि डोळ्याच्या जागचं फळ त्यांनी उपटून हातात घेतलं.

“हे तुला कोणी दिलं?”

“इथल्याच क्रेटमधलं आहे.”

“हे हंझल आहे. वाळवंटात उगवतं. कुणी विकत नाही, कुणी खात नाही. खाल्लं तर आतडी पिळून काढतं.” त्यांनी फळ उलटं केलं. अर्धा तुटलेला देठ होता, त्यात एक पान अडकलेलं. पान अजून हिरवं, ताठ. “आणि हे आज तोडलंय.”

आपल्याकडे ज्याला कडू इंद्रावण म्हणतात तेच हे, असं चाचा म्हणाले. मी नकळत त्या फळाचा रस लागलेलं बोट जिभेला लावलं. तोंड इतकं कडू झालं की डोळ्यांत पाणी आलं. चाचा क्रेटकडे गेले, तो त्यांनी उलथाच केला. खाली नुसती लिंबं. “सकाळी म्या सोता बघितलंय,” ते पुटपुटले, “लिंबांशिवाय काय नव्हता यात.”

लिंबांबरोबर चमचाभर वाळूही खाली सांडली होती. लालसर, मेंदीच्या रंगाची. अबू नासिरनी ती चिमटीत घेतली, आणि तेव्हा पहिल्यांदा मी त्यांना घाबरलेलं पाहिलं.

मी त्यांना विलासचं सांगितलं. सगळं. चेहऱ्याचंही. ते वेड्यात काढतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त एकदा फळीकडे नीट पाहिलं, मग विचारलं, “हफ्रच्या रस्त्याने येत होता? तिकडून येताना रुमाह गावाच्या आधी दहना वाळवंटाची वाळू लागते. तीच ही लाल वाळू. तिथे हायवेपासून आत एक खोलगट जमीन आहे, पावसाचं पाणी उतरतं तिथे. माझे वडील उंट चारायला न्यायचे. हंझलच्या वेलांनी भरलेली असते ती जागा.” आणि किल्ल्या काढत म्हणाले, “यल्ला.” म्हणजे, चल.

मॅनेजर मध्ये आला. “सर, पोलिसांना सांगितलंय. आणि हा गेला तर तुमच्या ऑर्डरचं काय?”

“माझी ऑर्डर आहे ना? खलास. नको मला ती.”

चाचांनी पाण्याचे कॅन, बर्फ आणि मीठ-साखर गाडीत टाकलं. स्वतः आले नाहीत. “मी इथं याच्यापाशी बसतो,” म्हणाले. फळीवरच्या चेहऱ्याकडे बोट करून. त्यावेळी मला त्यात काही विचित्रसुद्धा वाटलं नाही.

तो प्रवास मी कधी विसरणार नाही. एसी पूर्ण सोडलेला, तरी माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. बाहेर डांबर वितळल्यासारखं चमकत होतं. अबू नासिर ओठांतल्या ओठांत दुआ म्हणत होते. मी काचेला नाक लावून दोन्हीकडची वाळू बघत होतो. पिवळी... पिवळी... मग हळूहळू तांबूस. एके ठिकाणी त्यांनी वेग कमी केला, एका गंजलेल्या पिंपापाशी हायवे सोडला आणि गाडी वाळूत घातली. कसला रस्ता नव्हता, की चाकाची खूण नव्हती. रात्री वादळ झालेलं, सगळं पुसलेलं.

“तुम्हाला खात्री आहे?” मी विचारलं.

“नाही,” ते म्हणाले.

दोन टेकाडं ओलांडली. तिसऱ्यावर चढलो आणि खाली, त्या खोलगट जागेत, आमची पांढरी व्हॅन दिसली. पुढची चाकं अर्धी वाळूत.

मी गाडी थांबायच्या आत उडी मारली. विलास व्हॅनच्या सावलीत पडला होता, शर्ट डोक्याला गुंडाळलेला. ओठ फाटलेले, गाल बसलेले, डोळे मिटलेले. जसा फळीवर होता, अगदी तसा. मी हाक मारली. उत्तर नाही. छातीला कान लावला. अबू नासिरनी कपडा भिजवून त्याच्या ओठांवर धरला. बराच वेळ काहीच झालं नाही... आणि मग त्याची घाटी हलली. मी तिथेच वाळूत बसून मोठ्याने रडलो.

रुमाहच्या दवाखान्यात दोन बाटल्या सलाइन गेल्यावर तो बोलायला लागला. वादळात समोरचं काही दिसेना, तेव्हा पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून तो चालवत राहिला. ती गाडी हायवे सोडून वळली होती, हे याला कळलंच नाही. मग दिवे गेले आणि चाकं रुतली. मोबाईलला रेंज नाही. पाण्याची एकच बाटली. एवढ्यापर्यंत सगळं समजण्यासारखं आहे.

मग तो मला म्हणाला, “पक्या, गाडीपासून पाच-सात हातांवर एक वेल होता रे. कलिंगडाचा. चांगली तीन फळं, हिरवीगार. उजाडल्यावर दिसली. म्हटलं, वाचलो. पाणी तरी असेल आत. उठवत नव्हतं, सरपटत गेलो. आणि हात लावायला गेलो तर फळंच नाहीत. देठ तेवढे. माझ्या डोळ्यांसमोर होती रे... कोणी नेली?”

मी अबू नासिरकडे पाहिलं. त्यांना मराठी येत नव्हतं. मी इंग्लिशमध्ये सांगितलं. ते बाहेर निघून गेले.

विलासला आम्ही दोघांनी हातांवर उचलून गाडीत ठेवलं होतं, तेव्हा मी तो वेल ओलांडला होता. तुटलेले तीन देठ मी पाहिले होते, अजून ओले. त्यांच्याभोवती विलासच्या सरपटण्याची एक खूण होती. दुसऱ्या कुणाचं पाऊल नव्हतं. डॉक्टर म्हणाला, त्या अवस्थेत एक फळ जरी पोटात गेलं असतं तर जुलाबांनीच तासाभरात संपला असता.

आम्ही परत आलो तोवर चाचांनी फळी रिकामी केली होती. काय केलंत विचारलं, तर म्हणाले, दुपारी कधीतरी सगळ्या भाज्या आपोआप खाली घसरल्या. चेहरा राहिलाच नाही. नेमकं किती वाजता, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

मी खूप विचार केलाय. हाताला सवय होती, म्हणून चेहरा तसा झाला – मान्य. कुणीतरी क्रेटमध्ये फळं टाकली असतील – चला, तेही मान्य. पण त्या देठांचं काय? त्या लाल वाळूचं काय? चारशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराला भाज्यांत माणसं का दिसायची, हेही कुणाला सांगता आलेलं नाही म्हणे. अबू नासिरनी ते पुस्तक पुन्हा कधी किचनमध्ये आणलं नाही, आणि मीही चेहरा कधी केला नाही.

पुढच्या सुट्टीत माणगावला विलासच्या घरी गेलो होतो. विलास अंगणात मुलीला सायकल शिकवत होता. त्याची बायको चहा घेऊन आली आणि हळूच म्हणाली, “भावजी, हे नीट सांगत नाहीत. हे तिकडे वाळूत पडले होते, तेव्हा तुम्ही नक्की काय करत होतात?”

मी कप खाली ठेवला.

“भाजी कापत होतो, वहिनी,” म्हटलं.

यापेक्षा खरं उत्तर मला आजही सापडलेलं नाही.