चार वेळा खेळले

माजिवड्याच्या मैदानावर मी जिल्ह्याची लॉन बोल्सची, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवत छोट्या पांढऱ्या चेंडूजवळ नेण्याच्या खेळाची, स्पर्धा भरवायचो. एक सामना हरला की खेळाडू घरी, त्यामुळे दुपारपर्यंत मैदान ओस पडायचं.

एका वर्षी कळव्याच्या एक साठीच्या बाई पहिल्याच सामन्यात हरल्या. पदर खोचून, चेंडू पुसत माझ्या टेबलाशी आल्या.

"अरे, पहाटे उठून डबा करून आलेय. लगेच घरी पाठवतोस? हरलेल्यांचे आपसात सामने लाव ना!"

मी लावले, प्रत्येकाच्या वाट्याला तीन-तीन. सगळे खुशीत थांबले. बाई ते तिन्ही सामने हरल्या, पण दरवेळी घरंगळत्या चेंडूमागे दोन पावलं धावत ओरडायच्या, "वळ रे बाळा, वळ!"

निघताना मी विचारलं, "वाईट नाही ना वाटलं?"

"वाईट? आज चार वेळा खेळले! पुढच्या वर्षी बहिणीला आणते. ती माझ्याहून वाईट खेळते."

नियम मी त्याच संध्याकाळी बदलला.