तिसऱ्या भागाचा शेवट आणि धाडची गाडी

गेल्या रविवारी बुलढाण्याला पिक्चरला गेले... एकटीच. आमच्या मुखवटेवाल्या हीरोचा तिसरा आणि शेवटचा भाग. नाव लिहीत नाही, नाहीतर इथेही भांडण सुरू होईल. ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांनी पुढे वाचू नये.

आमच्या धाड गावाहून स्कूटीवर गेले. तीनचा शो, कडेची सीट, शेजारची खुर्ची रिकामी. तिच्यावर मी माझं हेल्मेट ठेवलं.

पहिला भाग मी मनीसोबत पाहिला होता, अकरावीत. दुसराही तिच्याचसोबत, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी. मनी म्हणजे माझी त्या वेळची एकुलती एक मैत्रीण. तिसरा भाग यायला इतकी वर्षं लागली की तोवर ती नोकरी करून, लग्न करून पक्की पुणेकर झाली आणि मी धाडला झेरॉक्सचं दुकान टाकून बसले.

"तिसरा आला" असा मेसेज मी तिला केला होता. तिचा अंगठा आला. तिसरा सोबतच बघायचा असं ठरलं होतं आमचं... पण आता कुणाला काय आठवण करून द्यायची?

असो. पिक्चर पाहिला. हीरो शेवटच्या मारामारीत मेला, मी फार रडले आणि घरी आले.

घरी सांगणार कुणाला? बाबांना मुखवटा घालून उडणारा माणूस समजावून सांगणं माझ्याच्याने होत नाही. म्हणून फॅन लोकांच्या एका ग्रुपवर लिहिलं, "तो मेला हेच बरोबर झालं. असाच शेवट हवा होता."

झालं... मोहोळच उठलं! "ताई, कोणता पिक्चर पाहिला?" "तो जिवंत आहे, नावं संपल्यावर सीन आहे, दुसऱ्या गावात चहा पिताना दिसतो." "शेवटपर्यंत बसला होतात का?"

मी ठोकून दिलं, "हो, बसले होते."

खोटं बोलले. पण माघार कशी घ्यायची? चार दिवस भांडले. तो सीन म्हणजे स्वप्न आहे, तो चहा पिणारा दुसराच कुणीतरी आहे, वाटेल ते लिहिलं. उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्स काढता काढता एका हाताने उत्तरं देत होते. एका काकांचं आधार कार्ड तर उलटंच छापलं.

खरं सांगते, मला जिंकायचं नव्हतंच. दिवसभरात "किती झाले?" आणि "पेन आहे का?" यापलीकडे माझ्याशी कुणी बोलत नाही. या चार दिवसांत निदान पन्नास माणसं माझ्याशी बोलत होती... रागाने का होईना.

गुरुवारी दुपारी एक नवी कमेंट आली. "ही बरोबर बोलते. तो मेला. आम्ही दोघींनी पाहिलं."

मनीची कमेंट होती. ती या ग्रुपवर आहे हेच मला माहीत नव्हतं. आणि दोघींनी? आम्ही तर तिसरा भाग सोबत पाहिलाच नव्हता.

दहा मिनिटांत तिचाच फोन आला. कितीतरी महिन्यांनी.

"खरं सांग वं, शेवटपर्यंत बसली होती काय तू?"

"नाही."

"मी बी नाही."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही कॉलेजात असताना धाडची शेवटची एसटी सहाला सुटायची. तीनचा शो सहाच्या आधी कधी संपायचा नाही. त्यामुळे हीरोने व्हिलनला आपटलं की खेड्यावरची सगळी पोरंपोरी एकदम उठायची आणि स्टँडकडे पळायची. अर्धं टॉकीज रिकामं झालं की ऑपरेटरही लाइट लावून मोकळा व्हायचा.

उरलेला शेवट आम्ही दोघी एसटीत बसून ठरवायचो. बाजाराच्या पिशव्या मांडीवर घेतलेल्या बायासुद्धा कान देऊन ऐकायच्या. पहिल्या दोन्ही भागांचा खरा शेवट मी आजवर पाहिलेला नाही.

पण या वेळी माझी स्कूटी खाली उभी होती... तरी उठलेच ना मी!

मनी सांगत होती, "गाडी पार्किंगमदे होती वं. घर दहा मिनिटांवर. तरी मारामारी संपली तशी मी पर्स घेऊन उठली. नवरा म्हणे, काय झालं? दारापाशी गेल्यावर मले समजलं... कुठी जाऊन राह्यली मी?"

मी झेरॉक्सचं मशीन बंद केलं.

मग तिनेच विचारलं, "मंग? शेवट काय ठरवायचा?"

मी म्हटलं, "लोक म्हणतात तो जिवंत आहे. जिवंत होता तं इतके दिवस एक फोन काऊन नाही केला त्यानं?"

मनी हळूच म्हणाली, "लाज वाटली असंल वं. जितके दिवस जास्त गेले तितकी जास्त."

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. मी त्याला हातानेच थांब म्हटलं आणि फोन कानाला तसाच धरून उभी राहिले.

दिवाळीला येते म्हणाली. येईल की नाही, माहीत नाही. त्या शेवटच्या सीनची क्लिप मला आतापर्यंत सात जणांनी पाठवली आहे. एकही उघडलेली नाही.

ग्रुपवर मला वेड्यात काढणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही भांडला नसता तर मला कधीच कळलं नसतं... की तिकडे पुण्यात कुणीतरी अजून धाडची गाडी पकडायला उठतं.